क्रूझच्या आदल्या दिवशी कुठे जेवायचं? जागा शोधण्याचा नेमका क्रम

बहुतेक जण हे काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी त्या शहरातल्या 'खाल्लंच पाहिजे' अशा दहा जागांची यादी गोळा होते. त्यातल्या दोन-तीन मनात भरतात. प्रत्यक्ष पोहोचल्यावर कळतं की एक जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, दुसरी नेमकी त्या वारी बंद असते आणि तिसरीत टेबल मिळायला तीन आठवडे आधी नोंदणी लागते. तोवर रात्रीचे नऊ वाजलेले असतात, बॅगा रूमवर टाकून सगळे भुकेलेले रस्त्यावर उभे असतात आणि जे पहिलं उघडं दिसेल त्यात शिरावं लागतं.

सहलीत एक जेवण फसलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं असतं. क्रूझच्या आधी मात्र शहरात हातात एक संध्याकाळ आणि एक सकाळ असते, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. म्हणून शोधाचा क्रम असा ठेवा: आधी बंदर, मग वेळ, मग मुक्काम, मग वार, आणि सगळ्यात शेवटी रेस्टॉरंटचं नाव. खालचे टप्पे याच क्रमाने करा, मधला गाळू नका.

टप्पा १: जहाज नक्की कुठून सुटतं ते पाहा

तिकिटावर शहराचं नाव मोठं छापलेलं असतं आणि बंदराचं नाव कंसात. कंसातलं नाव महत्त्वाचं. 'रोम' म्हणून विकलेली क्रूझ सिविताव्हेक्कियाहून सुटते, आणि ते रोमपासून ७०-८० किलोमीटरवर आहे. 'लंडन' म्हणजे बऱ्याचदा साउदॅम्प्टन असतं, 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांपेक्षा मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे 'व्हेनिस'ची क्रूझ रावेन्ना किंवा त्रिएस्तेहूनही सुटू शकते. व्हेनिसमध्ये निवांत नाश्ता करून निघू म्हटलं, तर पुढे दीडशे किलोमीटरचा रस्ता असतो.

एकाच शहरात एकाहून जास्त टर्मिनल असतात, तेही बघा. साउदॅम्प्टनला पाच आहेत. सिंगापूरला मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी ठिकाणं आहेत. टर्मिनलचं नाव बोर्डिंग पासवर असतं. ते मॅपवर पिन करून ठेवा.

तपासा: मुक्कामापासून टर्मिनलपर्यंत जायला सकाळच्या गर्दीत किती वेळ लागतो? मॅपवर 'आत्ता' न बघता निघण्याचा वार आणि वेळ घालून बघा.

टप्पा २: एका कागदावर उलटी वेळ मांडा

फोनमध्ये नको, कागदावरच करा. कुटुंबातल्या सगळ्यांना एकदम दिसतो.

सगळ्यात खाली जहाज सुटण्याची वेळ लिहा. समजा, संध्याकाळी ५. त्याच्या वर चेक-इन बंद होण्याची वेळ. बऱ्याच कंपन्या सुटण्याआधी ६० ते ९० मिनिटं दार बंद करतात. त्यामागे कारण आहे: अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजाला प्रवाशांची यादी किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे पाठवावी लागते, त्यानंतर नवीन माणूस चढवता येत नाही. म्हणून 'पाचला सुटतं, साडेचारला पोहोचू' हे चालत नाही. त्याच्या वर तुम्हाला मिळालेली टर्मिनलवर येण्याची वेळ लिहा. समजा, दुपारी १२:३०. त्याच्या वर मुक्काम सोडण्याची वेळ, आणि सगळ्यात वर आदल्या दिवशी विमान किंवा ट्रेन पोहोचण्याची वेळ. पोहोचण्याच्या वेळेत इमिग्रेशन, बॅगा आणि शहरात येण्याचा प्रवास मिळवा. विमान ४ वाजता टेकलं तर ६:३० च्या आधी रूमवर पोहोचू असं धरू नका.

आता मधल्या मोकळ्या जागा बघा. तुम्हाला खरोखर मिळणारी जेवणं तेवढीच. बहुतेकांना एक रात्रीचं जेवण आणि एक नाश्ता मिळतो. ज्यांनी मनात चार जेवणं धरली होती त्यांना हे जड जातं, पण इथेच कळलेलं बरं.

सावधान: जहाज सुटण्याच्याच दिवशी सकाळी विमानाने शहरात उतरणार असाल तर हा सगळा शोध सोडून द्या. विमानतळावर खा आणि थेट टर्मिनल गाठा.

टप्पा ३: प्रत्येक जेवणाला एक काम द्या

पोहोचल्यावरचं खाणं भूक भागवण्यापुरतं. जागा जवळ हवी, पटकन मिळायला हवं. त्यासाठी रांगेत उभं राहू नका.

आदल्या रात्रीचं जेवण हेच मुख्य. सगळा शोध आणि सगळी निवड याच्यासाठी.

सुटण्याच्या दिवशीचा नाश्ता साधा आणि वेळेत. 'इथला नाश्ता प्रसिद्ध आहे' म्हणून अर्ध्या तासाच्या रांगेत उभं राहण्याचा हा दिवस नव्हे.

सुटण्याच्या दिवशीचं दुपारचं जेवण शहरात घेऊच नका, कारण दुपारी चढलात तर जहाजावरचा बुफे साधारण सुरू असतो आणि तो बहुतेक तिकिटांतच धरलेला असतो. लोक नेमकी इथेच चूक करतात. शेवटचं शहरी जेवण म्हणून दुपारी बाराला टेबल घेतात, बिल यायला उशीर होतो, टॅक्सी मिळत नाही आणि जेवणभर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. चढण्याची वेळ तीननंतरची असेल तर मात्र शहरात हलकं काहीतरी खाऊन घ्या. अशा वेळी बुफे कधी बंद होतो ते कंपनीच्या ॲपमध्ये आधी बघून ठेवा.

टप्पा ४: वर्तुळ मुक्कामाभोवती काढा, बंदराभोवती नाही

टर्मिनलच्या अगदी बाहेरच्या जागा एका दिवसापुरत्या आलेल्या गिऱ्हाइकावर चालतात. तिथला माणूस पुन्हा येणार नाही हे चालवणाऱ्यालाही माहीत असतं. तिथे चांगलं मिळणारच नाही असं नाही, पण एकाच रात्रीसाठी हा धोका कशाला?

मुक्कामाला मध्य धरून पंधरा मिनिटं चालत जाता येईल एवढं वर्तुळ धरा. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर दहा मिनिटं. रात्री परत यायचा रस्ता डोळ्यांसमोर आणा: उजेड असेल का, चढ आहे का, मोठा रस्ता ओलांडायचा आहे का. वर्तुळात काहीच धड मिळत नसेल तर वर्तुळ मोठं करू नका. त्याऐवजी एकाच बसने किंवा मेट्रोने, गाडी न बदलता जाता येईल अशी एक वस्ती निवडा आणि तिथे दुसरं वर्तुळ काढा.

मॅपचा तो भाग घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या. परक्या शहरात नेटवर्क नेमकं भुकेच्या वेळी जातं.

टप्पा ५: यादी करा, आणि रिव्ह्यू नीट वाचा

इथे घाई करू नका. घरी बसून दोन निवांत संध्याकाळी या टप्प्याला द्या.

वर्तुळातल्या जागा मॅपवर बघा आणि आठ-दहा नावं सेव्ह करा. रेटिंगच्या आकड्यापेक्षा किती जणांनी दिलंय ते आधी बघा. चाळीस जणांनी दिलेल्या ४.९ पेक्षा दोन हजार जणांनी दिलेलं ४.४ जास्त भरवशाचं. मोजक्या मतांचा आकडा चार ओळखीच्या लोकांनीही वर जातो.

मग रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावा. मालक बदलतो, आचारी बदलतो, पण जुनं रेटिंग तसंच चिकटून राहतं. गेल्या तीन-चार महिन्यांतली मतं अचानक उतरलेली दिसली तर ते नाव खोडा, सरासरी कितीही चांगली असो.

पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोघेही बहुतेक भावनेच्या भरात लिहितात. तीन आणि चार स्टारवाल्यांचं मात्र मन लावून वाचा. 'जेवण उत्तम, पण पाऊण तास थांबावं लागलं' हे वाक्य तुमच्या फार कामाचं आहे, कारण तुमच्याकडे तो पाऊण तास आहे की नाही हे कागदावर लिहिलेलं आहे. रिव्ह्यूंमध्ये शोधायची सोय असते. तिथे तुमचे शब्द टाका: मुलं, व्हीलचेअर, शाकाहारी, ॲलर्जी, गर्दी, बुकिंग. हे त्या शहराच्या भाषेतही भाषांतर करून टाका. स्थानिक लोकांनी काय लिहिलंय ते पर्यटकांच्या लिखाणापेक्षा वेगळं निघतं. बहुतेक सगळे रिव्ह्यू परक्या भाषांतच असतील, तर ती जागा कुणाच्या जिवावर चालते ते समजा.

फोटोंमध्ये मालकाने टाकलेले सोडा आणि गिऱ्हाइकांचे बघा. त्यातही मेन्यूचा अलीकडचा फोटो शोधा. ताटाच्या फोटोत टेबल, शेजारचा ग्लास, मागची माणसं दिसतात. त्यावरून जागा केवढी, आवाज किती, घरची माणसं घेऊन बसण्यासारखी आहे का, हे कळतं.

मिशेलिन गाईड (उत्तम रेस्टॉरंटांना तारे देणारी मार्गदर्शिका) उघडलंत तर तारे सोडून 'बिब गूरमाँ' ही खूण शोधा. माफक दरात चांगलं जेवण मिळणाऱ्या जागांना ती १९९७ पासून दिली जाते. आदल्या रात्रीसाठी तीच योग्य. ताऱ्यांच्या जागी बरेच पदार्थ एकामागून एक येतात आणि तीन तास सहज जातात. प्रवासाने थकलेल्या माणसाला ते झेपत नाही.

खाण्याची पथ्यं असतील तर 'शाकाहारी' एवढ्या एका शब्दावर विसंबू नका. त्या शहराच्या भाषेत एक चिठ्ठी फोनवर तयार ठेवा आणि त्यात फोडून लिहा: मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मांस किंवा मासे उकळून काढलेलं पाणी (स्टॉक) नको, जिलेटिन नको. ॲलर्जी असेल तर युरोपीय संघातल्या देशांत एक सोय आहे: ठरावीक १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं रेस्टॉरंटांना बंधनकारक आहे. हा नियम डिसेंबर २०१४ पासून लागू आहे. मागायला संकोच करू नका.

तपासा: यादी आता तीन नावांवर आली का? पहिली पसंती, दुसरी पसंती, आणि तिसरी अशी जागा जिथे बुकिंगशिवाय बसता येतं. तिसरं नाव नसेल तर टप्पा पूर्ण झालेला नाही.

टप्पा ६: त्या दिवशी, त्या वेळी ते उघडं आहे का?

एका प्रवासात आईला घेऊन मी बरोबर आठ वाजता एका दारात पोहोचले. आत अंधार होता. काचेला आतून चिकटपट्टीने लावलेला, हाताने लिहिलेला कागद होता, आणि त्यावर दोन तारखा: वार्षिक सुट्टी. मॅपवर त्या क्षणीही हिरव्या अक्षरांत 'उघडं आहे' असंच दिसत होतं. आईने काही म्हटलं नाही, फक्त शेजारच्या पायरीवर बसली. तिला इतकं चालवत आणून मी एक फोन केला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून हा टप्पा मी कधीच सोडत नाही.

चार गोष्टी पडताळायच्या:

- वार. आठवड्याची सुट्टी शहरागणिक आणि जागेगणिक वेगळी असते. रविवार रात्र आणि सोमवार सगळ्यात फसवे.
- सार्वजनिक सुट्टी. त्या देशाचं कॅलेंडर त्या तारखेला बघा, आपलं नव्हे.
- स्वयंपाकघराची वेळ. 'अकरापर्यंत उघडं' म्हणजे अकरापर्यंत जेवण मिळेल असं नाही. शेवटची ऑर्डर कधी घेतात ते विचारा. काही शहरांत दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांच्यामध्ये तीन-चार तास चूल बंदच असते. विमानातून उतरून पाच वाजता जेवायला निघालेला माणूस तिथेच अडकतो.
- वार्षिक सुट्टी. ही बहुतेक मॅपवर नसते. त्या जागेच्या सोशल मीडिया पानावर शेवटची पोस्ट बघा, किंवा सरळ फोन करा.

पाचवी गोष्ट कुणी बघत नाही: त्या दिवशी बंदरावर किती जहाजं आहेत? २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर एका केबिनमध्ये दोन जण धरले तरी ५,६०० वर प्रवासी मावतात. अशी दोन-तीन जहाजं एकाच दिवशी सुटणार असतील तर आदल्या रात्री शहरातल्या टेबलांवर किती ताण येत असेल ते बघा. बरीच बंदरं जहाजांचं वेळापत्रक आपल्या संकेतस्थळावर देतात. गर्दीची तारीख असेल तर पुढचा टप्पा आजच उरका.

टप्पा ७: टेबल घ्या, पण घाईत नको

वेळ निवडताना कागदावरच्या पोहोचण्याच्या वेळेत दीड-दोन तास मिळवा. विमानाला उशीर होतोच. साडेसहाला रूमवर पोहोचणार असाल तर साडेसातचं नको, साडेआठचं टेबल घ्या.

तारखेची मांडणी बघा. ०३/०४ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरांत दिसेपर्यंत बटण दाबू नका. वेळही त्या शहराची आहे ना, हे पक्कं करा.

कार्डाचा नंबर मागितला तर अटी वाचा. न आल्यास माणशी किती कापतात, किती तास आधी रद्द केलं तर कापत नाहीत? ही वेळ फोनच्या अलार्ममध्ये घाला. एकाच रात्रीसाठी तीन ठिकाणी टेबल अडवून ठेवणं मला पटत नाही. छोट्या जागेला दोन रिकामी टेबलं म्हणजे त्या दिवसाचं नुकसान असतं. एकच घ्या, आणि विमान लांबलं तर विमानतळावरूनच कळवा.

बुकिंगचा ईमेल आला की त्याचा स्क्रीनशॉट काढा. त्या जागेचा फोन नंबर देशाच्या कोडसह सेव्ह करा.

टप्पा ८: दारात दोन मिनिटं थांबा

बसण्याआधी मेन्यू बाहेर लावलाय का, दर लिहिलेत का ते बघा. दर नसलेल्या मेन्यूवर बसू नका. बिलात सेवा शुल्क किंवा बसण्याचे वेगळे पैसे धरतात का, ते आधीच विचारा. रस्त्यात उभं राहून आत ओढणारा माणूस असेल तर पुढे चला.

आत नजर टाका. भरलेली टेबलं आणि भराभर फिरणारी ताटं हे चांगलं लक्षण, कारण जिथे माल खपतो तिथे तो ताजा असतो. जेवणाच्या ऐन वेळी जागा रिकामी असेल आणि मेन्यू मात्र वीस पानांचा असेल, तर तिथे फ्रीझरच चालतो असं मी धरते.

पैसे देताना मशिनवर 'तुमच्या चलनात की इथल्या चलनात' असं विचारलं तर इथल्या चलनात निवडा. तुमच्या चलनातला दर मशिनवाला लावतो, आणि तो बहुतेक महागच पडतो.

टप्पा ९: शेवटच्या दोन दिवसांत पोटाला जपा

हा टप्पा लोक चवीच्या नादात सोडतात. चढण्याआधी बऱ्याच कंपन्या आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात उलटी-जुलाबाबद्दल विचारलेलं असतं. त्रास असेल तर वैद्यकीय तपासणी होते, केबिनमध्ये वेगळं ठेवतात, कधी चढूही देत नाहीत. नोरोव्हायरस हा उलटी-जुलाब घडवणारा विषाणू, त्याची लक्षणं साधारण १२ ते ४८ तासांनी दिसतात. म्हणजे आदल्या रात्री जे पोटात गेलं ते जहाजाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी बाहेर पडतं. बंद जागेत तो हजारो जणांत झपाट्याने पसरतो.

म्हणून चढण्याआधीचे ४८ तास कच्चे शिंपले-कालवं, अर्धकच्चं मांस, उघड्यावर ठेवलेलं कापलेलं फळ आणि कोमट बुफे टाळा. समोर शिजलेलं आणि वाफ येत असलेलं घ्या. अगदी नवं, कधी न चाखलेलं काही करून बघायचं असेल तर ते परतीच्या दिवशी. जेवणाआधी हात साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा काम करत नाही.

सावधान: पोट बिघडलंच, तर फॉर्मवर खोटं लिहू नका. कंपनीला फोन करून सांगा, डॉक्टरला दाखवा आणि विम्याच्या कागदांसाठी पावती घ्या.

ज्यांना जहाज लागतं त्यांनी आदल्या रात्री तेलकट, फार तिखट आणि मद्य आवरतं घ्यावं. अगदी उपाशी चढणंही बरं नाही, रिकाम्या पोटी मळमळ वाढते.

टप्पा १०: सुटण्याच्या दिवशीची सकाळ

नाश्ता मुक्कामावर मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर किती वाजता उघडतं ते आदल्या रात्री जेवून परतताना त्या जागेच्या दारावर बघून या. मॅपवर नको, प्रत्यक्ष दारावर.

मोठ्या बॅगा टर्मिनलवर हमालाकडे दिल्या की केबिनपर्यंत पोहोचायला कित्येक तास लागतात. औषधं, मुलांचा खाऊ आणि पथ्याचं काही असेल ते खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

शहरातलं उरलेलं जेवण पार्सल करून जहाजावर न्यायचा विचार सोडा. घरी किंवा रेस्टॉरंटमध्ये शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेलं, न फोडलेलं पाकीट साधारण चालतं. फळं चढताना चालली तरी पुढच्या बंदरावर उतरवायला बंदी असू शकते. जहाजावरच्या पथ्याची मागणी मात्र टर्मिनलवर करून उपयोग नाही, ती कंपनीकडे काही आठवडे आधी नोंदवावी लागते. नोंदवली असेल तर चढल्याबरोबर डायनिंग रूमच्या व्यवस्थापकाला भेटा आणि तुमचं नाव त्याच्या यादीत आहे ना, हे त्याच्यासमोर उभं राहून बघून घ्या.